जितके घाणे, तितक्या पळ्या

समचलन म्हणजे काय, असे आठवीच्या वर्गात विचारले की बहुतेक मुले एकच उत्तर देतात: एक राशी वाढली की दुसरीही वाढते. हे उत्तर ऐकायला ठीक वाटते, परीक्षेत त्यावर एखादा गुणही मिळून जातो. पण ते पुरते नाही. मुलाचे वय वाढते तशी त्याची उंचीही वाढते, म्हणून दहा वर्षांच्या मुलाची उंची पाच वर्षांच्या मुलाच्या दुप्पट असते असे कोणी म्हणत नाही. वाढीबरोबर वाढ एवढेच लक्षात राहिले तर विद्यार्थी दिसेल त्या ठिकाणी गुणाकार-भागाकार करीत सुटतो. पुढे तो शेतकरी, दुकानदार किंवा कारकून होतो तेव्हा हीच चूक त्याला पैशात मोजावी लागते.

अर्धापूरच्या केळीचे उदाहरण घेऊ. नांदेड जिल्ह्यातला हा भाग केळीसाठी नावाजलेला आहे. समजा, एका शेतकऱ्याने दोन्ही बाजूंनी पाच-पाच फूट अंतर ठेवून केळी लावायचे ठरवले. एका झाडाला २५ चौरस फूट जागा लागेल. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तेव्हा एका एकरात सुमारे १,७४२ झाडे बसतील, दोन एकरांत ३,४८४ आणि अर्ध्या एकरात म्हणजे वीस गुंठ्यांत ८७१. क्षेत्र दुप्पट केले की झाडे दुप्पट, निम्मे केले की निम्मी. कोणतीही जोडी घ्या, झाडांना एकरांनी भागले की १,७४२ हीच संख्या येते. हे समचलन.

आता त्याच बागेत लागवडीपासूनचे महिने आणि झाडाची उंची यांची नोंद ठेवा. दोन्ही राशी वाढत जातील, पण उंचीला महिन्यांनी भागून येणारा आकडा दर महिन्याला बदलेल. घड बाहेर पडल्यावर तर महिने वाढत राहतात आणि उंची जवळजवळ थांबते. हे समचलन नव्हे. तेव्हा वाढीला वाढ मिळते का, हा मुख्य प्रश्न नाही. भागाकार कायम राहतो का, हा मुख्य प्रश्न आहे. त्या कायम राहणाऱ्या संख्येला आपण चलनाचा स्थिरांक म्हणतो.

हा स्थिरांक पुस्तकात 'क' या एका अक्षराने येतो आणि विद्यार्थी त्याच्याकडे फारसे न पाहता पुढे जातात. पण इतिहासात डोकावले तर आपल्या प्रदेशातल्या लोकांनी या 'क'ची फार काळजी घेतलेली दिसते. तो कोठून आला, तो कोण सांभाळतो आणि तो मोडला तर कोणाचे नुकसान होते, हे त्यांना ठाऊक होते.

पाटणचा शिलालेख

मराठवाड्यातून कन्नडचा घाट उतरला की खाली चाळीसगाव लागते. तेथून जवळच डोंगराच्या पायथ्याशी पाटण नावाचे जुने गाव आहे. पाटणादेवीमुळे ते अनेकांना माहीत असते. या गावी सापडलेला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास अभ्यासकांच्या नजरेस आणला. लेख १२०७ सालचा आहे. यादव राजा सिंघण याच्या दरबारी चांगदेव नावाचे ज्योतिषी होते. ते 'लीलावती' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचे नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी पाटणला एक मठ स्थापन केला, आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाच्या वेळी त्या मठाला दान दिले. गणिताच्या शिक्षणासाठी उत्पन्न लावून दिल्याचा हा लेख म्हणून तो प्रसिद्ध आहे.

लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण शेवटी दानाचा तपशील येतो तेथे भाषा जुनी मराठी होते. ज्यांनी द्यायचे आणि ज्यांनी घ्यायचे त्यांना तो तपशील समजायला हवा ना! त्यात तेलाच्या घाण्यांविषयी एक कलम आहे. त्याचा आशय असा: गावात जेवढे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे एक पळी तेल मठाला द्यावे. 'जितके–तितके' ही शब्दांची जोडी तिच्या जुन्या रूपात त्या कलमात आहे. पाच घाणे असतील तर पाच पळ्या, बारा असतील तर बारा, आणि एकही चालत नसेल तर काहीच नाही. समचलनाचे सूत्रच हे, फक्त चिन्हांऐवजी रोजच्या बोलीत कोरलेले.

शिक्षकांनी या कलमावर वर्गात थोडे थांबावे असे आम्हाला वाटते. येथे एक राशी घाण्यांची संख्या आहे, दुसरी तेलाच्या पळ्यांची. गाळलेले तेल ही राशी यात नाही. मोठ्या घाण्यालाही एक पळी आणि छोट्यालाही एकच. म्हणजे घाण्यांच्या संख्येशी देणे समचलनात आहे, पण गाळलेल्या तेलाशी नाही. ज्याचा घाणा दिवसभर फिरतो त्याला एक पळी जाणवणारही नाही. ज्याचा अर्धा दिवस बंद असतो त्याला ती जड जाईल. कोणती राशी कोणत्या राशीच्या प्रमाणात धरायची, हा केवळ गणिताचा प्रश्न नसतो, तो न्यायाचाही असतो. आजचा कोणताही कर किंवा शुल्क समजून घेताना हाच प्रश्न प्रथम विचारावा लागतो.

याच लेखात आणखी एक व्यवस्था आहे. तेथे जे मापायचे ते मठाच्या मापाने मापावे, असे सांगितले आहे. याचे महत्त्व गणिताच्या शिक्षकाला लगेच कळेल. 'अमुक मागे अमुक मापे' असे ठरवले आणि प्रत्येकाने आपापले माप आणले तर स्थिरांक उरतच नाही. माप एक असेल तरच 'क' एक राहतो.

लीलावतीतील त्रैराशिक

या मठात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला असे हिशेब कोणत्या रीतीने शिकवत असतील? 'लीलावती' ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'चा भाग आहे. तिच्यात या हिशेबांसाठी त्रैराशिक दिले आहे. रीत भास्कराचार्यांच्याही आधीची. आर्यभटाने ४९९ मध्ये ती सांगितली, ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ती अधिक स्पष्ट केली. तीन राशी माहीत, चौथी काढायची, म्हणून त्रैराशिक. त्या तिघींची नावेही अर्थपूर्ण आहेत. ज्याच्याविषयी माहिती आहे ते प्रमाण, त्यापासून जे मिळते ते फल, आणि ज्याच्याविषयी विचारायचे आहे ती इच्छा. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या राशी, त्या पहिल्या व शेवटच्या घरात मांडायच्या. फल वेगळ्या जातीचे, ते मधल्या घरात. मग फलाला इच्छेने गुणायचे आणि प्रमाणाने भागायचे.

लीलावतीतले केशराचे उदाहरण पाहू. तीन सप्तमांश निष्काला अडीच पल केशर मिळते, तर नऊ निष्कांना किती? अडीचला नवाने गुणले की साडेबावीस. त्याला तीन सप्तमांशाने भागले की साडेबावन्न पल. चार कर्षांचा एक पल, म्हणून उत्तर ५२ पल २ कर्ष.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. या साऱ्या कृतीत केशराचा दर कोठेही आला नाही. एका निष्काला किती केशर, हे न काढताच उत्तर मिळाले. आधी गुणाकार, नंतर भागाकार असा क्रम असल्यामुळे मधले अडचणीचे अपूर्णांक टळले. तोंडी हिशेब करणाऱ्याला हा मोठाच फायदा होता. पण त्या बदल्यात स्थिरांक नजरेआड राहिला.

आपण शाळेत एकमान पद्धत शिकवतो ती हाच क्रम उलटा करते. ती प्रथम भागाकार करून एकाची किंमत काढते. अडीचला तीन सप्तमांशाने भागा. पस्तीस षष्ठांश, म्हणजे ५ पूर्णांक ५/६ येतात. एका निष्काला इतके पल. मग नवाने गुणा, पुन्हा साडेबावन्न. उत्तर तेच, पण वाटेत लपलेला स्थिरांक हाती लागला. आता नऊच काय, वीस किंवा शंभर निष्कांचा प्रश्न आला तरी पुन्हा पहिल्यापासून मांडणी करायला नको.

यानंतरची पायरी बीजगणिताची. निष्कांची संख्या 'क्ष' आणि पलांची 'य' मानली की

य = क × क्ष

असे एकच वाक्य उरते. त्रैराशिक एका इच्छेचे उत्तर देते, हे वाक्य सर्व इच्छांचे उत्तर एकदम देते. त्रैराशिक, एकमान आणि समचलन ही तीन वेगवेगळी प्रकरणे नसून एकाच विचाराच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत 'क' लपलेला, दुसरीत तो दिसतो, तिसरीत त्याला नाव मिळते. वर्गात याच क्रमाने गेलो तर 'क' आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही.

गंमत अशी की भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिल्या अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणतात आणि थोडक्यात 'या' असे लिहितात. यावत्–तावत् म्हणजे शब्दशः जितके–तितके. तेथे हे अज्ञात संख्येचे नाव आहे, चलनाचे नव्हे. तरीही पाटणच्या घाण्यांच्या कलमातली शब्दजोडी आणि बीजगणितातली ही जोडी एकाच कुळातली, हे मुलांना सांगितले तर त्यांना मौज वाटेल.

भारतीय त्रैराशिकावर अल्-बिरुनीने अकराव्या शतकात स्वतंत्र पुस्तक लिहिले. अरबांकडे आणि पुढे युरोपातल्या व्यापाऱ्यांकडेही तीन राशींचा हा नियम हिशेबाचा कणा होता. विज्ञानाला त्याचा उपयोग झाला तो राशी बदलत्या मानून. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये जाहीर केले की स्प्रिंगची ताण जितकी, तितके तिला ओढणारे बल. ही भाषाही जितके–तितकेचीच. एक फरक मात्र मोठा आहे. घाण्यामागची पळी माणसांनी ठरवली होती; स्प्रिंगचा स्थिरांक निसर्गाने ठरवला, तो प्रयोगानेच काढावा लागतो. आणि स्प्रिंग मर्यादेबाहेर ओढली तर तो मोडतो.

हाली आणि कलदार

माणसांनी ठरवलेल्या स्थिरांकाचे एक उदाहरण नांदेड-लातूरच्या जुन्या पिढीच्या रोजच्या जगण्यातले आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचे नाणे वेगळे. त्याला हाली किंवा उस्मानिया शिक्का म्हणत, आणि इंग्रजी अमलातल्या रुपयाला कलदार. दोन्हींना रुपयाच म्हणत, दोन्हींचे आणे सोळाच. पण किंमत सारखी नव्हती. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा दर होता.

नांदेडचा माणूस वऱ्हाडात किंवा सोलापुरात गेला की त्याला हा हिशेब करावा लागे. ७ हालींचे ६ कलदार, १४ चे १२, ३५ चे ३०. कलदार 'य' आणि हाली 'क्ष' धरले तर

य = ६/७ × क्ष

आलेख काढला तर शून्यातून जाणारी सरळ रेषा मिळते. उलट बाजूने पाहिले तर स्थिरांक ७/६ होतो. १०० कलदारांचे हाली ११६ रुपये १० आणे ८ पै. 'क' एकच असला तरी कोणती राशी कोणत्या राशीच्या पटीत मोजतो त्यावर तो उलटतो, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

त्रैराशिक पूर्वी इतके लोकप्रिय का होते, हेही येथे कळते. एका हाली रुपयाचे कलदार काढायला जाल तर १३ आणे ८ पै आणि वर थोडा अपूर्णांक येतो. तो तीस-पस्तीस रुपयांनी गुणत बसण्यापेक्षा ३५ ला सहाने गुणून साताने भागणे कितीतरी सोपे.

पण कोणी नाणी बदलून देताना दर व्यवहाराला ठरावीक दोन आणे बट्टा कापला तर? मग हे समचलन राहत नाही. सात रुपये बदलणाऱ्याला दोन आणे फार होतात, सातशे बदलणाऱ्याला ते जाणवत नाहीत. रेषा सरळच राहते, पण ती शून्यातून जात नाही. ठरावीक कापणी नेहमी लहान रकमेच्या माणसाला जड पडते. गणिताच्या एका ओळीत हे दाखवता येते.

१९५० मध्ये भारतीय रुपया तेथे आला तेव्हाही हाच सातास सहा असा दर होता. १९५१ पासून हाली काढणे थांबले आणि १९५९ मध्ये ते पूर्णपणे बाद झाले. मराठीत नाण्यालाही 'चलन' म्हणतात आणि राशींच्या बदलालाही. येथे दोन्ही अर्थ एकाच जागी भेटतात.

तीन आण्यांचे एकोणीस पैसे

हाली अजून पुरते गेले नव्हते तोच १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. सोळा आण्यांचे शंभर नवे पैसे झाले. म्हणजे एका आण्याचे सव्वासहा पैसे. पण सव्वा पैसा असे नाणे नव्हते, म्हणून व्यवहारासाठी पूर्णांकात तक्ता ठरला: १ आण्याचे ६, २ आण्यांचे १२, ३ आण्यांचे १९ आणि ४ आण्यांचे २५ नवे पैसे.

हा तक्ता फळ्यावर लिहा आणि मुलांना भागाकार करायला सांगा. ६, ६, ६.३३, ६.२५. स्थिरांक हलला! चार आणे एकदम मोडले तर २५ पैसे मिळत, पण एक-एक आणा चार वेळा मोडला तर २४. एक पैसा गेला कोठे? तो कोणी चोरला नाही, तो पूर्णांक करण्यात गेला. मूळ नाते समचलनाचे होते, प्रत्यक्ष व्यवहारातले मात्र जवळजवळ समचलनाचे. ज्यांची खरेदीच आण्या-दोन आण्यांची होती त्यांना हा फरक रोज भेटत असणार. आजही मोजमापात, बिलात, प्रयोगाच्या नोंदीत असेच घडते. तेव्हा भागाकार अगदी तंतोतंत आला नाही म्हणून लगेच 'समचलन नाही' म्हणू नये. फरक मोजण्यातल्या मर्यादेचा आहे की नियमच वेगळा आहे, हे तपासावे.

उलटे कोठे करावे

भास्कराचार्य त्रैराशिकानंतर लगेच व्यस्त त्रैराशिक सांगतात. त्यातले एक उदाहरण मापाचेच आहे. सात आढकांच्या मापाने धान्याची रास मापली तर शंभर मापे भरतात. पाच आढकांच्या मापाने मापली तर किती? डोळे मिटून त्रैराशिक केले तर ७१ च्या आसपास उत्तर येईल. पण माप लहान झाल्यावर मापे कमी कशी भरतील? ती जास्तच भरली पाहिजेत. शंभराला साताने गुणून पाचाने भागायचे, उत्तर १४०. येथे भागाकार नव्हे तर गुणाकार कायम आहे: ७ गुणिले १०० आणि ५ गुणिले १४०, दोन्ही ७०० आढक, कारण रास तीच आहे.

सगळे अंकगणित त्रैराशिकाने व्यापले आहे, असे भास्कराचार्यांनी म्हटले आहे. पण त्यांनीच रीत केव्हा उलटायची हेही शेजारीच सांगून ठेवले. रीत सोपी आहे. ती लागू होते का, हे ओळखणे कठीण. आपण रीत खूप शिकवतो आणि ओळखणे परीक्षेच्या प्रश्नावर सोडून देतो. प्रकरणाचे शीर्षकच 'समचलन' असेल तर विद्यार्थ्याला ओळखण्याची गरजही पडत नाही.

आमची सूचना अशी. प्रकरण संपल्यावर दहा जोड्यांची मिश्र यादी द्यावी आणि उत्तर काढायला न सांगता फक्त तीन प्रश्न विचारावेत. एक, पहिली राशी शून्य असेल तर दुसरीही शून्य होते का? दोन, पहिली दुप्पट केली तर दुसरी नेमकी दुप्पट होते का? तीन, हा स्थिरांक कोण सांभाळतो: ठराव, कायदा, माप की निसर्ग?

यादीत केळीच्या बागेचे क्षेत्र आणि झाडे असावीत. मजुरांची संख्या आणि घड उतरवायला लागणारे तास असावेत. वापरलेली वीज आणि स्थिर आकारासह येणारे बिल असावे. रिक्षाचे अंतर आणि किमान भाड्याने सुरू होणारे भाडे असावे. एकाच वेळी मोजलेली काठीची उंची आणि तिची सावली तर असावीच. सूर्यकिरण जवळजवळ समांतर येत असल्यामुळे एका वेळी सर्व उभ्या वस्तूंसाठी सावली आणि उंची यांचे गुणोत्तर एकच असते. बारा अंगुळांचा शंकू उभारून आपले जुने ज्योतिषी याचाच उपयोग करीत. मुलांनी मैदानावर वेगवेगळ्या लांबीच्या चार काठ्या उभ्या कराव्यात, सावल्या मोजाव्यात, भागाकार करावा. तासाभराने पुन्हा मोजावे. चारही काठ्यांचा भागाकार पुन्हा सारखाच येईल, पण आकडा पहिल्यापेक्षा वेगळा असेल. स्थिरांक कशाच्या बाबतीत स्थिर आणि कशाच्या बाबतीत अस्थिर, हे त्यांना तेव्हा हातानेच कळेल.